आमच्या रानात असं न्हाई, मॅडम

दरवर्षी १८ मे रोजी परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा भरतो. १९७२ साली याच तारखेला विद्यापीठ स्थापन झालं. मे महिन्यातलं परभणीचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको, पण बियाण्यासाठीची रांग सकाळपासूनच लागलेली असते. सोयाबीनचे एमएयूएस मालिकेतले वाण, बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ तूर. पिशवी हातात पडली की माणसं तिच्यावरचं लेबल वाचतात, शिवण चाचपतात आणि मग सावली शोधतात. ज्यानं वाण काढला त्याला त्या दिवशी आपल्या कामाचं चीज डोळ्यांनी बघायला मिळतं.

कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या गळ्यात तीन कामं बांधलेली असतात : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. ही रचना मूळची अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांची. १९६० साली पंतनगरला ती आपल्या देशात आली आणि पुढच्या बारा वर्षांत राहुरी, अकोला, दापोली, परभणी अशी महाराष्ट्रात चार ठिकाणी रुजली. या तीन कामांतलं संशोधन हे मानाचं पान. वाण निघाला की राजपत्रात अधिसूचना येते, नाव राहतं. डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाशी संकर करून पिवळ्या शिरांच्या रोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ काढली. १९८६ मध्ये त्यावरचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला आणि या जिल्ह्याचं नाव कुठल्याकुठल्या भाजीबाजारांत पोचलं. विस्ताराच्या कामाचे निदान फोटो तरी येतात. शिकवण्याचं काय? हजेरीपट भरला, पेपर तपासले, गुण ऑनलाइन चढवले, संपलं. पदोन्नतीच्या गुणपत्रकात शोधनिबंध मोजता येतो, एखाद्या मुलीच्या डोक्यात मातीबद्दल काहीतरी लख्ख झालं ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग माणूस वर्गात का जातो? पाच सप्टेंबरला यावर बरीच भाषणं होतात आणि त्यांत राष्ट्र घडत असतं. माझा त्या उत्तरावर फारसा विश्वास नाही. विद्यार्थ्यांचं प्रेम म्हणाल तर ते निरोप समारंभात उतू जातं आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर वाढदिवसांपुरतं उरतं; त्याची तक्रार नाही, तेच स्वाभाविक आहे. मला वर्गात ओढून नेतं ते वेगळंच. मागच्या बाकावरून येणारा आवाज : ‘मॅडम, आमच्या रानात असं न्हाई.’

मी मृदाशास्त्र शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण दापोलीचं, म्हणजे जांभ्याच्या तांबड्या मातीतलं. ती माती आम्लधर्मी, पाणी पडलं की खाली निघून जाणारं. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीची ओळख पुस्तकातून झालेली होती, आणि ती चांगली झाली होती असं मला वाटत असे. पुस्तकात काळी जमीन ही एक जमीन असते. परभणी जिल्ह्यात तिच्या किती जाती आहेत ते इथल्या पोरांनी मला दाखवलं. गोदाकाठची खोल काळी, जिंतूरकडच्या डोंगराळ भागातली उथळ मुरमाड, गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटाच्या अंगाची बरड, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली कुठे कुठे चिबडलेली. एकाच गटात बांधाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी.

‘काळ्या जमिनीत पाणी धरून ठेवण्याची क्षमता भरपूर असते’ हे वाक्य परीक्षेत दोन गुण मिळवून देतं. त्यावर सोनपेठकडचा एक मुलगा म्हणाला, ‘आमच्या रानात दहा-बारा दिवस उघडीप पडली की सोयाबीन माना टाकतंय.’ पुस्तकही खरं आणि तोही खरा. त्याच्या रानात माती दीड फुटाची, खाली मुरूम. शिवाय चिकणमाती जे पाणी धरते त्यातलं जवळपास निम्मं इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढताच येत नाही. भांडं केवढं, त्यात किती मावतं आणि त्यातलं किती हाताला लागतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आता मी हा धडा मातीच्या रंगापासून सुरू करत नाही, खोलीपासून करते. ही दुरुस्ती मला कुठल्या प्रशिक्षण वर्गात मिळाली नसती.

खरी गंमत प्रक्षेत्रावरच्या खड्ड्यात. दीडेक मीटर खोल खड्डा घेतलेला असतो, जमिनीचा उभा छेद बघायला. मुलं पाच-पाच करून आत उतरतात. वरचा थर भुसभुशीत, मग टणक ढेकळं, मग पाचरीच्या आकाराचे खडक वाटावेत असे मातीचेच तुकडे, एकमेकांवर घासून चकचकीत झालेले. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत घसरते, पावसाळ्यात सगळं फुगतं आणि जागा पुरत नाही म्हणून आतल्या आत सरकतं. नांगर न लावता स्वतःला उलटवत राहणारी ही जमीन. हे सांगत असताना एकानं विचारलं, ‘म्हणूनच आमच्या कुंपणाचे खांब दर साली वाकडे होतात का?’ त्यामुळेच. पण हे नुसतं त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, त्याच्या घरच्या वादाचंही होतं. खांब कुणी नीट रोवले नाहीत यावरून त्याचे वडील आणि चुलते अबोला धरून होते म्हणे.

मग बोटांनी पोत ओळखायची परीक्षा. मूठभर माती घ्यायची, थेंब थेंब पाणी घालून कणकेसारखी मळायची, अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढायची. वाळू असेल तर पट्टी निघतच नाही. पोयटा असेल तर बोटाला मऊ लागते पण लगेच तुटते. चिकणमातीची पट्टी दोन इंच लांबली तरी अंगठ्यावरून लोंबत राहते. सीईटीला भरघोस गुण मिळवून आलेली मुलं इथे गडबडतात, कारण हाताला चिखल लागू द्यायचा नसतो. एका वर्षी एका मुलीनं सगळे नमुने भराभर बरोबर ओळखले. कसं, म्हणून विचारलं. म्हणाली, ‘ही खुरप्याला चिकटून बसती ती, आन् ही झटकली की पडती ती.’ शाळेच्या सुट्ट्यांत तिनं खुरपणीला रोजानं जाऊन हे शिक्षण घेतलं होतं, फक्त त्याला श्रेयांक नव्हते. मी तिला टक्केवारीचा त्रिकोण शिकवला : वाळू किती, पोयटा किती, चिकणमाती किती. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, की मग खुरप्याला न चिकटणारी पण भेगाळणारी माती या त्रिकोणात कुठं बसते? मी संध्याकाळी पुन्हा पुस्तकं काढली.

दिवाळीच्या सुट्टीला जाताना मी मुलांना एक काम देते. घरच्या रानातली अर्धा किलो माती आणायची. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे, कडेची माती खुरप्यानं खरवडून एका घमेल्यात, ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची नको, झाडाखालची नको, खताच्या ढिगाजवळची तर मुळीच नको. कापडी पिशवीत गावाचं नाव, गट नंबर, आधीचं पीक. फराळाच्या डब्यांबरोबर मातीच्या पिशव्या येतात आणि प्रयोगशाळेत काही दिवस चिवड्याचा वास येत राहतो.

सामू बहुतेकांचा आठच्या वर. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळणारा. आम्लाचा थेंब टाकला की चुनखडी फसफसते, आणि तो आवाज ऐकायला सगळी मान वाकवतात. एकदा एका पठ्ठ्याच्या नमुन्यात कर्ब इतका चढा निघाला की त्यानं वर्गात कॉलर ताठ केली. चौकशीत कळलं, सुट्टीत वेळ मिळाला नाही म्हणून घरामागच्या उकिरड्याशेजारून पिशवी भरली होती. हसून झाल्यावर त्याच आकड्यावर मी पूर्ण तास घेतला. शेणखत काय करू शकतं याचा त्याहून बरा पुरावा मी कुठून आणणार होते?

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. वर्गातल्या पुष्कळांच्या घरी ती पत्रिका आहे, ट्रंकेत किंवा कॅलेंडरच्या मागे. या प्रात्यक्षिकानंतर मुलं घरी फोन करून ती शोधायला लावतात. एका मुलीनं वडिलांना व्हिडिओ कॉलवर ती वाचून दाखवली. जस्त कमी आहे, स्फुरद पुरेसा आहे, तर डीएपीची एक बॅग कमी करा. वडील म्हणाले, दुकानदार तर तसं म्हणत नाही. दोघांत जुंपली. तिनं अर्ध्या एकरात करून बघायला त्यांना राजी केलं. विस्तार शिक्षणाच्या भाषेत याला प्रथमरेषीय प्रात्यक्षिक वगैरे म्हणता येईल, पण कुठल्याही प्राध्यापकाच्या शब्दावर त्या शेतकऱ्यानं अर्धा एकर सोडला नसता. आमचे कृषिदूत आणि कृषिकन्या गावात राहायला जातात, ‘माती परीक्षणाचे धडे’ अशा मथळ्याखाली त्यांचे फोटो आतल्या पानांवर येतात, ते ठीकच. स्वतःच्या बापाला पटवणं त्याहून अवघड.

आता एक गोष्ट आडपडदा न ठेवता. वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या बॅगेत मृदाशास्त्राच्या वहीबरोबर एमपीएससीचं पुस्तक असतं. काही सहकाऱ्यांना याचा फार विषाद वाटतो. मला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं जमिनी खरडून नेल्या. पंचनाम्यात ‘खरडून गेलेली जमीन’ हा रकाना असतो. वरचा वीतभर थर गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे ज्यानं खड्ड्यात उतरून बघितलंय तो नायब तहसीलदार त्या रकान्यासमोर थोडा जास्त वेळ उभा राहील, अशी माझी अपेक्षा आहे. राहतोच असं नाही.

१८८३ मध्ये रशियात दोकुचायेव यांचा काळ्या मातीवरचा ग्रंथ निघाला आणि मृदाशास्त्राचा पाया घातला गेला, हे अभ्यासक्रमात आहे. त्याच वर्षी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि त्यात माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालायची मागणी सरकारकडे केली, हे अभ्यासक्रमात नाही. मी दोन्ही सांगते. परीक्षेला येणार का, असं कुणीतरी विचारतंच.

यंदाच्या वर्गात जिंतूर तालुक्यातली चार मुलं आहेत. त्यांच्यातल्या एकीचं म्हणणं, त्यांच्या माळावर मुरमाच्याही खाली पुन्हा काळी माती लागते, विहीर खणताना वडिलांनी बघितलीय. माझ्या समजुतीप्रमाणे तिथे तसं असायला नको. पुरात वरून येऊन साचलेला थर असेल, कदाचित विहिरीचाच जुना भराव असेल. तिला मी तसं सांगितलं तर म्हणाली, ‘मॅडम, येऊन बघा की.’ ज्वारीची पेरणी उरकली की जाणार आहे, सोबत वर्गातली आणखी आठ-दहा जण घेऊन. अ‍ॅसिडची बाटली आणि मोजपट्टी त्यांनीच पिशवीत भरून ठेवलीय.