पाचर

आधीच कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मी मराठी विभागासाठी लेख लिहितेय हे कळल्यावर रूममेट्स इतक्या हसल्या, की शेजारच्या खोलीतल्या मुली "काय झालं?" म्हणून विचारायला आल्या. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तर सबमिशनच्या शेवटच्या दिवशी सर जर्नल तपासतात तसं, जरा डोळेझाक करून वाचा!

आमचं गाव पाटस. पुणे-सोलापूर हायवेवर. रेल्वेने आलात तर दौंडच्या आधीचं स्टेशन. तुकोबांची पालखी इथून रोटी घाट चढून बारामतीकडे जाते. अशा गावात, आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एक स्पोर्ट्स कार उभी होती, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. माझ्या वर्गात तरी कुणाला वाटलं नाही.

गाडी माझ्या थोरल्या काकांची. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना तरुणपणी ट्रक घेऊन गोव्याला जायचे. तिथे त्यांनी सॅन स्टॉर्म पाहिली. १९९८ मध्ये आलेली, गोव्यात बनणारी, दोनच सीटची गाडी. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद साठ हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या हिशेबाने फार नाही. पण ट्रकच्या केबिनमधून खाली बघणाऱ्या माणसाला ती विमानासारखी वाटली असणार. पुढे बऱ्याच वर्षांनी नानांनी एक जुनी सॅन स्टॉर्म मिळवली आणि पोटच्या पोरासारखी सांभाळली.

यंदा ती विकायचं ठरलं. ताईच्या पुढच्या शिक्षणाची फी भरायची होती. गिऱ्हाईक हौशी होतं, जुन्या गाड्या जमवणारं. त्याने अॅडव्हान्स दिला आणि एकच अट घातली, "डॅशबोर्डला एकही भोक नको. आहे तसा ओरिजिनल पाहिजे."

नाना काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "द्यायच्या आधी एकदा तिला गोव्याला नेऊन आणू. जिथं जन्मली तिथं."

गाडी ताई चालवणार, नाना शेजारी बसून रस्ता सांगणार. पण नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाईलवरचा नकाशा त्यांना दिसत नाही. माझा दहा इंची टॅब्लेट दिसतो. तो हातात धरून घाट उतरायचा कसा? नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "तू इंजिनिअर ना? बसव की काहीतरी. पण गाडीला ओरखडा उठता कामा नये."

मला वाटलं, दोन तासांचं काम! दोन आठवडे गेले.

पहिला प्रयत्न : रबरी कपाचा स्टँड. डॅशबोर्डचा पृष्ठभाग खरखरीत, त्यामुळे कपाच्या कडेने हवा आत शिरायची. सकाळी चिकटवलेला स्टँड दुपारी पायाशी. दुसरा प्रयत्न : कॉलेजच्या लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटरवर बनवलेला, पी.एल.ए. प्लॅस्टिकचा. दिसायला एकदम झकास. पण पी.एल.ए. साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो. चहा पिऊन येईपर्यंत माझा झकास स्टँड मान टाकून बसला होता. नाना म्हणाले, "ह्याला पण ऊन लागलं वाटतं."

मग मी हायवेवरच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात गेले. तिथले काका ट्रॉल्यांची कामं करतात. मी वहीतली स्केचेस दाखवली. डॅशबोर्डमध्ये टेपचा खण रिकामा होता. हा खण जर्मन मानकावरून जगभर साधारण १८० बाय ५० मिलिमीटरचा असतो. त्यात काहीतरी घट्ट बसवायचं, पण स्क्रू न मारता, गोंद न लावता. "काका, इट शुड एक्स्पांड इनसाइड... म्हणजे आत जाऊन फुगलं पाहिजे," मी हातवारे करत म्हणाले.

काकांनी शांतपणे विचारलं, "ताई, कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की काय करता?"

मी गप्प. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुऱ्हाड नव्हती.

"पाचर मारतो. तुमची पाचर पुढं ओढायची, म्हणजे दोन्ही बाजू दाबल्या जातील."

आणि मला एकदम उलगडलं. ही तर वेज! पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये वेज फ्रिक्शनची कितीतरी गणितं सोडवली होती. कोन, घर्षण, बाण काढून फ्री बॉडी डायग्राम. पेपरात ते उत्तर बरोबर आलं होतं. पण पाचर हा शब्द माझ्याकडे नव्हता, आणि शब्द नव्हता म्हणून असेल, ती वस्तू कधी हातात घ्यावी असंही सुचलं नव्हतं.

काकांनी आधी पुठ्ठ्याचं माप करायला लावलं. मग बाभळीच्या लाकडाचे दोन तुकडे, त्यांच्यामध्ये रुंद टोक मागे असलेली पाचर आणि तिच्यातून पुढे येणारा लांब बोल्ट. पुढच्या पट्टीबाहेर विंग नट. नट आवळला की पाचर पुढे सरकते आणि दोन्ही तुकडे खणाच्या बाजूंना टेकतात. बाहेरून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं, म्हणजे दाब पसरेल आणि ओरखडा उठणार नाही. नट फक्त बोटांनी आवळायचा, पान्याला हात लावायचा नाही, नाहीतर खणच तडकेल. काढताना नट ढिला करून बोल्टवर अंगठ्याने दाब द्यायचा, झालं!

टॅब्लेट धरायला अॅल्युमिनियमच्या पट्टीचा हात केला, १८ सेंटिमीटरचा. इंजिन सुरू केलं तर स्क्रीन थडथडायला लागली. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आर.पी.एम.ला सेकंदाला सुमारे २७ ठोके देतं, आणि माझी पट्टी नेमकी त्याच तालावर नाचत होती. इथे मात्र पुस्तक कामाला आलं. पट्टीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हात १२ सेंटिमीटरचा केला, ताठपणा तिपटीहून जास्त झाला आणि स्क्रीन शांत झाली. या वेळी काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्या मान डोलावण्यापुढे माझा फर्स्ट क्लास काहीच नाही.

नानांनी घड्याळ लावून परीक्षा घेतली. बसवायला एक मिनिट, काढायला चाळीस सेकंद. टॅब्लेट नानांकडे वळवलेला, कारण चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही ही त्यांची ट्रकवाली शिस्त. घाटात रेंज जाते म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवला.

पहाटे पाच वाजता ते निघाले. बारामती, फलटण, सातारा, कोल्हापूर, मग आंबोली. गाडीला दोनच सीट, त्यामुळे मी हायवेवर उभी राहून हात केला. दिवसभर फोन हातात. संध्याकाळी ताईचा मेसेज आला : "आंबोली उतरलो. तुझा डबा हलला नाही. नाना दर वळणाला रस्ता सांगतायत, तोही नकाशा न बघता."

म्हणजे टॅब्लेटची गरजच नव्हती तर! मला आधी राग आला, मग खूप हसू आलं, आणि मग दोन्ही नाही.

चार दिवसांनी गिऱ्हाईक आलं. त्याने बॅटरी लावून डॅशबोर्ड पाहिला, टेपच्या खणातून बोट फिरवलं. काही सापडलं नाही. इतकी मेहनत करून मी काहीच मागे ठेवलं नव्हतं, आणि तेच तर करायचं होतं. गाडी रोटी घाटाच्या दिशेने गेली तेव्हा नाना शेडमध्ये ताडपत्रीची घडी घालत होते. ती घडी त्यांनी तीनदा मोडली आणि तीनदा घातली.

ताईची फी भरून झाली. डबा नानांनी मला परत दिला. मराठीत पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं, हे मला आता ठाऊक झालंय. माझी पाचर मात्र सध्या हॉस्टेलच्या खिडकीला लावलेली आहे. वारा सुटला की खिडकी आपटत नाही, आणि रूममेट्सची झोप मोडत नाही.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल