माउंट प्लेझंटमधली भाकरी

वॉशिंग्टनला मुलाकडे गेलो तेव्हा अम्मीही आमच्यासोबत होत्या. शुक्रवारी मॅसेच्युसेट्स अव्हेन्यूवरच्या इस्लामिक सेंटरमध्ये जुम्याची नमाज अदा केली. १९५७ साली या मशिदीच्या उद्‌घाटनाला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः आले होते. बाहेर पडताच मुलगा म्हणाला, "दादी, आज माझ्या नेहमीच्या ठिकाणी जेवू. तुम्हाला आपली भाकरी आठवेल."

तो आम्हाला माउंट प्लेझंटला घेऊन गेला. एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ अशी बारा वर्षे यादवी चालली. त्या काळात जीव वाचवून निघालेली बरीच कुटुंबे या वस्तीत येऊन राहिली. हॉटेल अगदी साधे, सात-आठ टेबलांचे. पाटीवर मात्र 'मेक्सिकन' आधी आणि 'साल्वादोरन' नंतर. अमेरिकन गिऱ्हाइकाला टाको ठाऊक असतो, पुपुसा नसतो. धंद्याचे गणित असावे. त्या मेक्सिकन यादीतला 'अल पास्तोर' हा मुळात लेबनॉनहून गेलेल्या लोकांचा शवरमा. मेक्सिकोत पोहोचल्यावर त्यात डुकराचे मांस आले, म्हणजे आपल्या कामाचा राहिला नाही!

पुपुसा म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाची, आत सारण भरून हातावर थापलेली जाड भाकरी. ओलोकुइल्ता नावाच्या गावी ती तांदळाच्या पिठाचीही करतात, हे ऐकून आम्हा कोकणातल्या माणसांना बरे वाटले. मुलाने सवयीने घेवड्याच्या सारणाच्या पुपुसा मागवल्या. "यात गोश्त नाही, मी वर्षभर हेच खातोय," तो म्हणाला.

अम्मींनी विचारले, "गोश्त नाही, पण घेवडा परतलाय कशात?"

मुलगा हसला, तरी त्याने वाढणाऱ्या मुलीला विचारले. ती आत गेली आणि स्वयंपाकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. वयाने साठीच्या असतील. त्यांनी काहीही न लपवता सांगितले, "मांतेका. सेर्दो." म्हणजे डुकराची चरबी. त्यांच्याकडे घेवडा असाच परततात, त्यांचा काय दोष? मुलाचा चेहरा उतरला. तो किती तरी वेळ पाण्याचा ग्लास फिरवत बसला. आम्हालाही काय बोलावे सुचेना. अम्मी एवढेच म्हणाल्या, "नकळत गेलं बाळा. तौबा कर, आणि पुढे विचारून खा."

आम्ही उठणारच होतो. पण बाईंनी थांबायची खूण केली. मग हात धुतले, वेगळा तवा घासून घेतला, तेलाची नवी बाटली फोडली. पीठ नुसते मका आणि पाण्याचे. सारण चीज आणि लोरोको नावाच्या वेलीच्या कळ्यांचे. अम्मी काउंटरपाशी उभ्या राहून सगळे बघत होत्या. बाईंचे तळवे थप थप चालू झाले तशी अम्मींनी हवेतच आपली भाकरी थापून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण हसू एकदमच आले.

सोबत 'कुर्तिदो' होते, म्हणजे कोबी, गाजर आणि सिरक्याचे आंबट लोणचे. चमचा-काटा बाजूला सारून बिस्मिल्लाह केले आणि हातानेच खाल्ले. तिथलीही तीच रीत आहे. चीज तारा धरते, कळ्यांना थोडा रानटी वास असतो. अम्मींना चीज जड वाटले, कुर्तिदो मात्र त्यांनी दोनदा मागून घेतले.

निघताना बाई काहीतरी बोलल्या, त्यात 'ओहाला' शब्द होता. मुलाने उलगडून सांगितले: पुन्हा यावे अशी इच्छा. स्पेनवर मुसलमानांचे राज्य होते तेव्हा अरबीतून स्पॅनिशमध्ये गेलेला हा शब्द. त्याच्या शेवटी अल्लाहचेच नाव आहे. अम्मींनी वळून उत्तर दिले, "इन्शाअल्लाह."

बाईंनी बांधून दिलेले कुर्तिदो बसमध्ये पिशवीत सांडले. अम्मींच्या दुपट्ट्याला घरी पोहोचेपर्यंत सिरक्याचा वास येत होता.