पाण्याच्या पुढे

बारामतीत तीन हत्ती चौकाजवळ सकाळी सहाला सायकल कॅनॉलच्या भरावावर घेतली, तेव्हा पाणी आलेलं होतं. नीरा डाव्या कालव्याचं उन्हाळी आवर्तन वीरच्या दरवाज्यातून सुटलं होतं आणि रात्री बाराच्या सुमारास त्याचं तोंड बारामतीतून पुढे गेलं, असं टपरीवरच्या चहावाल्यानं सांगितलं. फाल्गुन सरत आला होता. गढूळ पाणी, वर पाचट आणि बाभळीच्या शेंगा तरंगत चाललेल्या, आणि काठच्या ओल्या मातीचा, पहिल्या पावसासारखा वास. मला इंदापूरकडे जायचं होतं. पाण्यालाही तिकडेच जायचं होतं.

बारामतीहून इंदापूरला जायला संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आहे, चौपदरी. त्यावर उसाच्या ट्रॉल्या, ट्रक आणि मोटारी यांचा ओघ खंडत नाही. पण त्याच दिशेनं, गावांच्या पाठीमागून, कालव्याचा भराव जातो. पाटबंधारे खात्यानं देखरेखीसाठी ठेवलेली ही मुरमाची वाट आहे. तिच्यावर एखादी मोटारसायकल, वैरणीचा भारा घेतलेली एखादी बाई, शाळेला निघालेली पोरं, एवढीच रहदारी.

अशा वाटेवर मला स्पेन आठवतो. तिथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी १९९३पासून रस्ते केले गेले. त्यांना ते ‘विया वेर्दे’, हिरवी वाट, म्हणतात. आज त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. अंदालुसियातल्या एका वाटेवरून पूर्वी ऑलिव्हचं तेल रेल्वेनं जायचं. आता त्याच बागांमधून माणसं पायडल मारत जातात. त्या वाटा सोप्या आहेत, कारण आगगाडीला चढ झेपत नाही. आपल्याकडे दौंड-बारामतीची नॅरोगेज बंद पडली नाही, ती ब्रॉडगेज झाली. त्यामुळे तशी वाट इथे मिळायची नाही. पण पाण्यालाही चढ चढता येत नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ज्यांनी या कालव्याची आखणी केली, त्यांनी टेकाडांना वळसे घालत, जमिनीची पातळी राखत, अगदी नाममात्र उतारानं पाणी पूर्वेला नेलं. त्यांनी नकळत सायकलची वाट आखून ठेवली. दोन दिवसांत मला एकदाही उभं राहून पायडल मारावं लागलं नाही.

शहर सोडताना कऱ्हेचं पात्र मागे पडतं. तिच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच नाईकांच्या घरी दिलेली, आणि मोरोपंतांना आश्रय मिळाला तोही याच घराण्याचा. पन्हाळ्यावर जन्मलेले पंत इथे येऊन राहिले, इथेच त्यांची आर्याभारत, केकावली झाली, आणि १७९४मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या काळी हा सगळा मुलूख कोरडा होता. कऱ्हा पावसापुरती, नीरा खाली खोलात, आणि मधल्या माळावर बाजरी, कुळीथ आणि घोडी.

शहर संपलं आणि या वाटेची खरी खूण दिसायला लागली. डाव्या हाताला, म्हणजे कालव्याच्या वरच्या अंगाला, माळ. उजव्या हाताला, खालच्या अंगाला, ऊस. नीरा दक्षिणेला आहे, कालवा तिच्या डाव्या तीरानं वरून चालला आहे, आणि पाणी उतारानंच जातं. त्यामुळे कालव्याच्या खाली ओलं आणि वर कोरडं. मधे वीसएक फुटांचं पाणी. डावीकडे खुरटं गवत, हिवर, बोरी, मेंढ्यांच्या पाऊलवाटा. उजवीकडे खोडव्याचा हिरवा फुटवा, केळी, एखादी विहीर. त्या विहिरीत पाणी आहे, कारण मातीच्या कालव्यातून पाझर लागतो. अलीकडे कालव्याला सिमेंटचं अस्तरीकरण सुरू झालं तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला, तो याच पाझरासाठी. गळतं ते खात्याच्या हिशेबात वाया जातं, पण विहिरीच्या मालकाच्या घरात तेच पीक होऊन येतं. हा वाद सोपा नाही, कारण तेच पाणी वाचलं तर ते शेवटच्या गावाला मिळणार असतं.

काटेवाडीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. उजवीकडच्या शेतातला एक म्हातारा दारं धरायच्या तयारीत होता. त्यानं मला चारीत साठलेल्या पाण्यापाशी बसवलं. ट्यूब फुगवून पाण्यात बुडवली आणि इंचाइंचानं फिरवत गेलो. एका जागी बुडबुड्यांची बारीक सर उठली. म्हाताऱ्यानं बोट ठेवलं, “हितं हाय बघा.” सोल्यूशन वाळेपर्यंत तो सांगत होता. पालखी येते तेव्हा परीट मंडळी धोतराच्या पायघड्या घालतात, आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. “मेंढरं वरची, पायघड्या खालच्या,” तो म्हणाला. कोरड्या अंगाची आणि ओल्या अंगाची माणसं त्या एका दिवशी एका ठिकाणी येतात, असं त्याला म्हणायचं होतं.

ही दोन अंगं आली कुठून, ते समजायला मागे जावं लागतं. १८३५-३६मध्ये इंग्रजांच्या जमीनमोजणीतला एक मोठा प्रयोग इंदापूर तालुक्यात झाला. आधीच्या प्रिंगल साहेबाच्या मोजणीनं बसवलेला सारा इतका जड होता की शेतं पडीक पडली होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इथलं शेत न शेत मोजलं, मातीची प्रत ठरवली, आणि तीस वर्षांसाठी सारा कायम केला. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत गेली. आज आपण सहज ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो, त्या शब्दामागे इंदापूरची काळी आणि बरड माती आहे. तीस वर्षं भरली आणि फेरमोजणीत सारा वाढला. त्याच सुमारास कापसाचा भाव कोसळला. कर्ज वाढत गेलं. १२ मे १८७५ रोजी, बारामतीच्या वायव्येला असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं घेरली आणि कर्जरोखे, वह्या पेटवून दिल्या. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जे पुस्तकात वाचतो, त्यांची ठिणगी सायकलवरून अर्ध्या दिवसात पोचता येईल इतक्या जवळ पडली. आणि पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६-७७च्या दुष्काळात हा मुलूख होरपळून निघाला.

त्या दुष्काळानंतर सरकारला कळून चुकलं की या पट्ट्याला पाण्याशिवाय तरणोपाय नाही. भोरजवळ भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधायला घेतलं, आणि १८८५ साली नीरा डाव्या कालव्यातून पाणी वाहू लागलं. म्हणजे मी ज्या भरावावरून चाललो होतो, तो दुष्काळाच्या भीतीनं घातलेला भराव होता.

सणसरच्या पुढे मला पाण्याचं तोंड भेटलं.

आधी दिसले ते बगळे. कोरड्या कालव्याच्या तळात वीस-पंचवीस गायबगळे आणि दोन वंचक ओळीनं उभे, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. मग त्यांच्यामागून ते आलं. मला वाटलं होतं लोंढा येईल. प्रत्यक्षात पाणी चालत येत होतं, म्हातारं माणूस चालतं तसं. पुढे पाचटाची आणि फेसाची गोधडी, तिच्या खाली पाणी. भेगाळलेल्या तळाच्या एकेका भेगेत ते उतरायचं, भेग भरायची, बुडबुडे यायचे, आणि मगच ते पुढची भेग धरायचं. भेगांतून किडे, नाकतोडे बाहेर पडत होते आणि बगळे दोन पावलं मागे सरत एकेक टिपत होते. मी सायकल टेकवून बराच वेळ त्याच्याबरोबर पायी चाललो. ताशी दोन किलोमीटर असेल. मग सायकलवर बसलो आणि पाण्याच्या पुढे निघालो. इथून पुढे कालवा कोरडा होता.

कोरड्या कालव्याच्या बाजूनं जाताना दोन्ही अंगं वेगळी दिसतात. उजवीकडच्या उसात मधेच एखादं पांढरं शेत दिसतं, वर मीठ फुललेलं. लोक त्याला चोपण म्हणतात. पाणी आलं तसं ते जास्तही दिलं गेलं. निचरा नव्हता, क्षार वर आले. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या शेती-अभ्यासकांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. म्हणजे कालवा वाहू लागून पंचवीस वर्षं होतायत तोवर हा रोग दिसू लागला होता. पण याच कालव्यानं सासवडच्या माळ्यांना इथे आणलं. त्यांनी उसाची शेती या मातीत रुजवली आणि पुढे नीरेपलीकडे माळीनगरला १९३२मध्ये स्वतःचा साखर कारखाना काढला. भवानीनगरची आणि माळेगावची धुराडी, कळंबजवळ उभं राहिलेलं वालचंदनगर, हे सगळं या एका पाण्याच्या रेघेवर उभं आहे.

बेलवाडीच्या माळावर एक धनगरवाडा उतरला होता. दोन तट्टं बांधलेली, एकाच्या पाठीवर बिऱ्हाड, वर उलटी घातलेली खाट आणि खाटेच्या पायांना अडकवलेल्या कोंबड्या. बुटकी, रुंद छातीची, डोळ्यांत समज असलेली तट्टं. भीमथडीची घोडी म्हणतात ती हीच. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवर दूरवर गेल्या, त्या जातीचं घोडं आज इथे मेंढपाळाचा संसार वाहतं, आणि आषाढी वारीत याच बेलवाडीत पालखीच्या गोल रिंगणात घोडा धावतो तेव्हा सगळा मुलूख बघायला लोटतो. मालकीणबाई म्हणाल्या, “पानी सुटलंय व्हय? मग मेंढरांचं भागलं.” कालव्याच्या वरच्या अंगाला पाण्याचा हक्क नाही, पण पाणी प्यायला खाली उतरणाऱ्या मेंढरांना कोणी अडवत नाही.

लासुर्ण्याला कालवा सोडून निमगाव केतकीला पानमळ्यांच्या गारव्यात थांबलो आणि संध्याकाळी इंदापूर गाठलं. मालोजीराजे भोसले, शिवछत्रपतींचे आजोबा, इथल्या लढाईत पडले. गावात त्यांची गढी आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे आणि इंदापूर ही नावं एका दमात येतात. दिवसभरात त्यातल्या दोन परगण्यांच्या मधून आलो होतो, हे गढीच्या मातीवर उभं राहिल्यावर जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बावड्याच्या बाजूला, शेटफळ हवेलीच्या ब्रिटिशकालीन तलावाकडे निघालो. नीरा डावा कालवा इथे संपतो. वीरला ज्याला पूल लागतो, तो इथे ओढ्याएवढा उरतो. तळात गवत, एका ठिकाणी शेळ्या उतरलेल्या. नियमानं आवर्तन शेवटाकडून सुरू व्हायला हवं, आधी टेल आणि मग वर; पण वाटेत एवढी तहान असते की टेलच्या माणसाला वाट बघायची सवय लागते.

भरावावर एकजण उभा होता. मला पाहून त्यानं हात केला.

“पाव्हणं, वरनं आला का?”

“हो, बारामतीहून.”

“मग पानी कुठवर आलंय?”

माझं नाव, गाव, सायकल कितीची, हे त्यानं विचारलं नाही. मी म्हणालो, “काल सकाळी सणसरच्या पुढं भेटलं होतं.” त्यानं डोळे बारीक करून पश्चिमेकडे पाहिलं, ओठांत हिशेब केला आणि म्हणाला, “म्हंजी रातच्याला यील. मधी कुनी फोडलं न्हाई तर.” मग लिंबाला टेकवलेलं खोरं उचललं, आपल्या चारीच्या तोंडाशी गेला आणि वाळलेला गाळ ओढायला लागला.

या वाटेवर झाडं राहावीत, मुरूम पडत राहावा, मोटारींसाठी ती रुंद होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. दोन दिवस मी पाण्यापेक्षा थोड्याच जास्त वेगानं चाललो, आणि शेवटी एका माणसाला उपयोगी पडेल अशी एक बातमी माझ्यापाशी होती. चौपदरी रस्त्यावरून आलो असतो तर त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. सायकल भरावाला टेकवली आणि दुसरं खोरं आहे का, ते विचारलं. होतं.