कर्ता

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारीच्या गल्ल्यांतून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक चालली की दुतर्फा उभे असलेले लोक वर्षभराची इडा, पीडा, रोगराई तिच्या हवाली करतात, आणि तिचे दहन झाले की सारे शहर जणू बेबाक होऊन घरी परतते. इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा ठपका असलेल्या भोसल्यांच्या बाकाबाईशी लोक काळ्या मारबतीचा संबंध जोडतात. विश्वासघाताचे शासन एका पुतळ्याला देऊन मोकळे होण्याची ही सोय मला एके काळी फार हवीशी वाटली, कारण तेव्हा मी स्वतः विश्वासघातकी होतो.

त्या सकाळी ढोलांचा आवाज महाल भागातल्या आमच्या माजघरापर्यंत येत होता, आणि संध्याकाळच्या तान्ह्या पोळ्यासाठी पत्नी मुलाच्या लाकडी नंदीबैलाच्या चाकांना तेल घालीत बसली होती. कित्येक महिने पोटात दडवलेले प्रकरण मी अखेर तिच्यापुढे मांडले, परिस्थिती, एकाकीपणा, मोह असे साक्षीदार एकामागून एक हजर केले आणि शेवटी म्हणालो, "माझ्या हातून चूक झाली."

तिने मान वर न करता विचारले, "हातून झाली, तर तुम्ही कुठं होता?"

आपली भाषा अपराध्याशी किती दयाळू आहे, हे मला तेव्हा उमगले. चूक होते, पाऊल घसरते, तोल जातो. क्रियापद आपले काम बजावते आणि करणारा वाक्याबाहेर नामानिराळा उभा राहतो. कायदाही तितकाच उदार होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द करीपर्यंत दंड संहितेच्या कलम ४९७ खाली फिर्यादीचा हक्क परस्त्रीच्या पतीचा, फसवल्या गेलेल्या पत्नीची तिथे दादच लागत नसे. परंतु घरातला कर्ता पुरुष म्हणून मिरवणारा मी एका साध्या वाक्याचा कर्ता व्हायला कचरत होतो, याला कोणते कलम लावावे? पश्चात्ताप म्हणून जे मी तिच्यापुढे ओतले, तीही मारबतच होती. माझी पीडा तिच्या दारात टाकून मला हलके व्हायचे होते.

रात्री मुलगा झोपल्यावर मी पुन्हा बोललो, या खेपेस साक्षीदारांवाचून. "मी तुला फसवलं."

नंदीबैलाच्या गळ्यातली माळ उतरवीत ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता पुढं?"

जबाबदारी या शब्दातला जबाब तो हाच. एका वाक्यात तो देता येत नाही. मी अजून देतो आहे.