कलाकार : अज्ञात

होस्टेलवर राहणाऱ्या माणसाचं आणि विम्याचं तसं काही नातं नसतं. आपली एकूण मालमत्ता म्हणजे एक बादली, चार टी-शर्ट (त्यातला एक रूममेटचा), सेकंडहँड ड्राफ्टर आणि सिनिअरकडून वारसाहक्काने आलेली जर्नल्स. हे सगळं उद्या जळालं तरी 'चला, सबमिशन पुढे गेलं' या आनंदात आपण मेसमध्ये एक चपाती जास्त खाऊ. मीही याच मताचा होतो. पण २०२४ च्या दिवाळीत घरी बोईसरला गेलो आणि फराळाचं ताट समोर यायच्या आधीच पप्पांनी हातात मेजरिंग टेप ठेवला.

"आजोबांच्या चित्रांची यादी करायची आहे, विम्यासाठी. तू इंजिनिअर ना? मापं नीट घे."

(दोन केट्या असलेला इंजिनिअर. असो.)

आमचे आजोबा म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. १९७४ पासून डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत त्यांनी नोकरी केली. घर पालघरला. आजी गेल्यावर ते आमच्याकडे बोईसरला आले ते एक ट्रंक आणि तेवीस फ्रेमा घेऊन. त्यातली बावीस वारली चित्रं, काही ब्राऊन पेपरवर, काही गेरू लावलेल्या कापडावर. तेविसावी रविवर्म्याची लक्ष्मी.

विम्याचं खूळ पप्पांच्या डोक्यात जुनं होतं. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते आमच्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्यातल्याच एका रात्री पालघरच्या घरातली एक फ्रेम खाली आली, काच फुटली आणि कागद कोपऱ्यात फाटला. आजोबा दोन दिवस जेवले नव्हते.

आता फ्लॅटचा विमा काढायचा होता. एजंटकाकांनी चहा पिता पिता सगळं समजावलं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांची घराची एकच साचेबंद पॉलिसी आहे, 'भारत गृह रक्षा'. आग, भूकंप, पूर यात घराबरोबर टीव्ही, फ्रिज, सोफा हेही ठरावीक मर्यादेपर्यंत आपोआप धरले जातात. पण दागिने, चित्रं, पुराण्या वस्तू आपोआप धरल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं कलम घ्यायचं आणि प्रत्येक वस्तूची किंमत आधीच दोघांनी मिळून ठरवायची, म्हणजे नुकसान झाल्यावर भांडण नको. अशा वस्तूंची एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू एक लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. त्याच्या वर गेलात की दाखला हवा.

"आपलं पाच लाखांच्या आतच बसेल," काका म्हणाले. "तुम्हीच आकडे टाका अंदाजाने."

पप्पांना 'अंदाजाने' हा शब्द खपत नाही. ते तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. तिथे बॉयलर, रिअॅक्टर, कूलिंग टॉवर यांची किंमत कशी काढायची हे चहाच्या टपरीवरसुद्धा कळतं. विकत घेतल्याची तारीख, बिल, आयुष्य किती, डेप्रिसिएशन किती! मीही वहीत त्याच सवयीने रकाने आखले आणि पहिल्याच चित्राला अडलो. बिल नाही. आयुष्य माहीत नाही. आणि डेप्रिसिएशन तर उलटंच, जुनं होईल तशी किंमत वाढते. आमच्या सिलॅबसमधली कुठलीच पद्धत इथे चालेना. नंतर कळलं की एका सरकारी नियमावलीलाही हा प्रश्न पडलेला नाही. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत नोंदणीकृत मूल्यांककांचे वर्ग तीनच : जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे. चित्रांचा वर्गच नाही!

आजोबा हे सगळं आरामखुर्चीतून बघत होते. "यांची किंमत लावताय?" ते म्हणाले. "मग माझीपण लावून ठेवा एकदा."

शेवटी पप्पांच्या ओळखीने मुंबईहून एक मॅडम आल्या. जे. जे. मध्ये शिकलेल्या, गॅलऱ्यांसाठी मूल्यांकन करणाऱ्या. भिंग, टॉर्च आणि माझ्यापेक्षा बारीक अक्षर. सुरुवात त्यांनी लक्ष्मीपासून केली. आमच्या घरात ही सगळ्यात भारी वस्तू समजली जायची, कारण आजी रोज तिला हळदकुंकू वाहायची. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथले जुने दगडी छाप आज लोक शोधत फिरतात. मॅडमनी भिंग माझ्या हातात दिलं. रंगात एकसारख्या ठिपक्यांच्या ओळी दिसत होत्या. "हे ऑफसेट आहे. खूप नंतरचं, कॅलेंडरसारखं छापलेलं. जुन्या दगडी छपाईत ठिपके असे शिस्तीत नसतात." किंमत जवळजवळ शून्य. आईचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "भावनेची किंमत फार मोठी असते हो, पण तिला प्रीमियम भरता येत नाही."

मग त्या वारली चित्रांकडे वळल्या. इथे थोडं मागचं सांगायला हवं. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात फिरले आणि त्यांनी भिंतीवरचं चित्र कागदावर आणलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचं नाव त्यानंतर जगभर गेलं. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. २०१८ साली ते वारले. आमच्या बावीसपैकी एकही चित्र त्यांचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची चित्रं पाड्यांवरच्या बायकांची. आजोबा शाळा सुटली की सायकलवरून पाड्यावर जायचे, आवडलं ते घ्यायचे.

मॅडमचा फॉर्म असा होता : कलाकार, साल, माध्यम, माप, स्थिती, तुमच्याकडे कसं आलं. मापं माझी तयार होती. माध्यम त्यांनी बघून लिहिलं. स्थितीत 'कसर लागली आहे', 'दमट डाग', 'कोपरा फाटला' असं बरंच आलं. पण पहिला रकाना! चार चित्रांच्या मागे नावं होती. उरलेल्या अठरा ठिकाणी मॅडमनी एकच शब्द लिहिला, अज्ञात. नाव असलेल्या चित्राला १८ हजार, आणि त्याच काळातल्या, तेवढ्याच मापाच्या, कदाचित जास्त चांगल्या पण बिननावाच्या चित्राला ५ हजार.

"नावाचे तेरा हजार?" मी विचारलं.

"अमृता शेरगिलचं एक चित्र २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जवळजवळ ६२ कोटींना गेलं. ते चित्र चांगलं आहेच. पण ते तिचं आहे हे सिद्ध करता आलं नसतं तर?" मग आजोबांकडे वळून त्या अगदी हळू म्हणाल्या, "सर, या बायका अज्ञात नाहीत. तुम्ही त्यांना भेटलात. फक्त लिहून ठेवलं नाहीत."

आजोबा काही बोलले नाहीत. मित्रांनो, माझे आजोबा म्हणजे चौतीस वर्षं पोरांच्या कागदावर उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक नसेल तर दोन मार्क कापणारा माणूस. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना आजही ते तेवढ्यासाठी आठवतात. आणि त्या माणसाच्या स्वतःच्या भिंतीवर अठरा कागद, एकाच्याही कोपऱ्यात नाव नाही.

रात्री ते माझ्या खोलीत आले. "उद्या डहाणूला जायचं. फोटो मोठे काढून घे."

भाऊबीज झाली होती. सकाळची लोकल, वाणगाव, डहाणू रोड, पुढे टमटम. गंजाडच्या पुढे एका पाड्यावर उतरलो. भातकापणी चाललेली, अंगणात पेंढ्याचे ढीग. आजोबा काठी टेकत पुढे आणि मी अठरा फोटो घेऊन मागे. एका घरासमोर एक म्हातारी बाई सूप घेऊन बसली होती. तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, "गुर्जी? तू जिता हाय?"

फोटो तिने जमिनीवर पसरले. भिंग नाही, टॉर्च नाही. मी तुम्हाला त्या दोन त्रिकोणांच्या माणसांबद्दल काय सांगू, मला ती सगळी सारखीच दिसायची. तिने बोट ठेवलं ते कमरेवर, जिथे वरचा आणि खालचा त्रिकोण टोकाला टोक लावून भेटतात. "ही माझी. ही माझी नाय, माझी कंबर अशी नसते. ही माझे बहिणीची. ती हात लई बारीक काढायची." पंधरा मिनिटांत वाटणी झाली. सात तिची, सहा बहिणीची, तीन शेजारच्या पाड्यावरच्या एका बाईची. दोन तिला ओळखता आली नाहीत. बहीण जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी वहीत नावं लिहीत होतो आणि आजोबा प्रत्येक नाव दोनदा म्हणायला लावत होते.

मग तिने विचारलं, "आता याचे किती येतात?"

मी खरं ते सांगितलं. नाव लागलं की १८ हजारांच्या आसपास.

"गुर्जी तवा वीस रुपये द्यायचा. आन चहापत्ती." ती हसली. रागावली नव्हती. "जळलं तर पैसे कोणाला?"

"आम्हाला."

"आन मला?"

आजपर्यंत कुठल्याही व्हायव्हात मी इतका गप्प बसलेलो नाही. (तिथे निदान 'सर, हा टॉपिक ऑप्शनला टाकला' असं तरी म्हणता येतं.) आजोबांनी काठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तुझं आहे. हवं ते परत घे. सगळी घेतलीस तरी चालेल."

ती बराच वेळ फोटोंकडे बघत राहिली. "माझी ठेव तुझ्याकडंच. माझं छप्पर गळतं. बहिणीचं एक दे."

तिने नऊ नंबर निवडला. भूकंपात पडून फाटलेला तोच.

निघताना तिच्या नातीने स्वतःची चित्रं दाखवली. ती कापडावर काढते, प्रदर्शनांना जाते. वारली चित्रांना २०१४ साली जीआय नोंदणी मिळाली हे मला तिच्याकडून कळलं. आजोबांना एक चित्र आवडलं. ती म्हणाली साडेतीन हजार. आजोबा सवयीने म्हणाले, "जरा कमी..." आणि मध्येच थांबले. पैसे मोजून दिले. मग तिच्या वहीचं एक पान मागून घेतलं आणि म्हणाले, "पावती लिही. तारीख घाल. खाली सही कर, पूर्ण नावाची."

नऊ नंबर आजोबांनी चार दिवसांनी स्वतः नेऊन दिला. मी तोवर कॉलेजला परतलो होतो.

लायब्ररीत मी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून बघितला (लायब्ररियन सरांना वाटलं मी चुकून आलो). चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट सहसा आपल्याकडे येत नाही, तो चित्रकाराकडेच राहतो. आणि कलम ५३ अ असं आहे की मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांच्या वर गेली, तर त्यातला वाटा चित्रकाराला किंवा वारसांना मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं, विमा म्हणजे विक्री नव्हे. आणि विक्री झाली तरी 'अज्ञात' या बाईला कोण शोधत जाणार? तिच्या 'आन मला?' ला कायद्यातही उत्तर नव्हतं.

पॉलिसी आली. रक्कम पाच लाखांच्या आतच, तरी पप्पांनी मॅडमचा दाखला जोडला. आग, भूकंप, पूर सगळं त्यात आहे. पण वाळवी, कसर, दमट हवा यातलं काहीही त्यात नाही, म्हणजे बोईसरच्या पावसाळ्यात चित्रांना जे खरोखर होतं त्याला विमा नाही. म्हणून आजोबांनी फ्रेमा ओल धरणाऱ्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर लावल्या. आणि फ्रेमा उघडून प्रत्येक चित्राच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, पाडा आणि अंदाजे साल लिहिलं. यादीत नऊ नंबरवर काट मारली आहे. चोविसावी नोंद नवीन आहे, आणि सगळे रकाने भरलेली, पावतीसकट, अशी तीच एक आहे.

संपादक म्हणाले, लेखासोबत एखादं चित्र छापू, आणि त्या आजींचं नावही दे. दोन्ही दिलेलं नाही. विचारायचं राहिलं आहे, आणि न विचारता घेण्याचा प्रकार आमच्या घरात एकदा होऊन गेला आहे.

दोन चित्रं अजून अज्ञात आहेत. आजोबांनी त्यांच्या मागे फक्त एक रेघ ओढून जागा सोडली आहे. सबमिशन संपलं की मे महिन्यात शेजारच्या पाड्यावर जायचं आहे. आजोबांचा फोन परवाच आला होता, केट्यांचं विचारायला नाही. "फोटो मोठे काढ," म्हणाले, "मागच्या वेळी कंबर नीट दिसत नव्हती."