सहा ठिपके की सात?

हैदराबादेतल्या मराठी घरांत पावसाळी सहल म्हटली की बहुतेक वेळा अनंतगिरीच. लिंगमपल्लीहून गाडी पकडायची, विकाराबादला उतरून रिक्षा करायची. अनंत पद्मनाभ स्वामींचं दर्शन, मग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मूसी याच डोंगरांत उगम पावते. शहरातल्या पुलावरून जाताना नाक दाबणाऱ्यांनी हिचं हे माहेर एकदा तरी पाहावं!

गर्दी मात्र देवळाशी आणि चहाच्या टपऱ्यांशीच थांबते. थोडं पुढे गेलं की खुरट्या झुडपांतून लाल मातीच्या पायवाटा फुटतात. मला त्याच जास्त आवडतात. जुलैतल्या एका संध्याकाळी अशाच वाटेवर दहा वर्षांचा पुतण्या ओरडला, "काका, किडा बघा, केवढा मोठा!"

काळाभोर, जवळजवळ ४ सेंटिमीटर लांब, अंगावर चुन्याची बोटं उमटावीत तसे पांढरे ठिपके. लांब पायांवर तो अगदी घाईत चालला होता. वहिनींची चप्पल अर्धी हातात आलीच होती. तेवढ्यात पुतण्यानं मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलंसुद्धा: डॉमिनो झुरळ, निरुपद्रवी. झालं, स्वारी उकिडवी बसली आणि चेहरा किड्यापासून वीतभर अंतरावर! मी त्याला शर्टाला धरून मागे ओढलं.

कारण ते झुरळ नव्हतं. तो होता अँथिया सेक्सगट्टाटा, सहा ठिपक्यांचा शिकारी भुंगेरा. जमिनीवर धावून इतर किडे पकडतो. दणकट जबडे तर आहेतच, पण खरं हत्यार मागच्या बाजूला. डिवचलं की पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो. झाडावरच्या लाल मुंग्यांकडे असतं तेच आम्ल, फक्त इथे मात्रा मोठी. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धुवत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा.

डॉमिनो झुरळही दक्षिण भारतातल्या अशाच झुडपी रानात राहतं. तेही काळं, तेही पांढऱ्या ठिपक्यांचं. या भुंगेऱ्याची नक्कल करून ते शत्रूंना फसवतं, असं मानतात. मग मोबाइल फसला यात नवल काय? आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. यंत्राला दोन खुणा जुळलेल्या दिसल्या की ते ठामपणे उत्तर देऊन मोकळं होतं.

ओळखायचं कसं, ते पुतण्याला दोन हात लांबून दाखवलं. झुरळाचे ठिपके सात, आकार बसका, गोलसर, आणि एक पंख दुसऱ्यावर चढलेला. भुंगेऱ्याचे ठिपके सहा: दोन मानेमागच्या भागावर, चार पाठीवर. पाठीच्या मधोमध सरळ शिवण दिसते, कारण पंखांवरची टणक झाकणं तिथे एकमेकांना भिडलेली असतात. त्याला उडता येत नाही. चिमटीत बसावी तशी बारीक कंबर, समोर जबडे. एकदा कंबर पाहिली की ठिपके मोजायचीही गरज पडत नाही.

"सेक्सगट्टाटा म्हणजे?" त्यानं विचारलं. लॅटिनमध्ये सहा थेंबांचा. १७७५मध्ये फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं हे नाव दिलं, असं सांगितल्यावर साहेब खूश. "म्हणजे त्यांनीपण मोजले होते!"

वहिनींनी चप्पल पायात घातली, पण त्यांचा प्रश्न रास्त होता. "भाऊजी, एवढा विषारी आहे तर मारू का नये?" तो अंगावर धावून येत नाही, वाट दिली की निघून जातो. शिवाय हे रान त्याचं, आपण संध्याकाळच्या गाडीनं परतणार. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनीच आमच्या मागून येणाऱ्या कुटुंबाला हात करून थांबवलं. त्यांच्यातली एक मुलगी अनवाणी होती.

भुंगेरा वाट ओलांडून करवंदीच्या जाळीखाली शिरला. पुतण्याला झूम करून काढलेले चार फोटो मिळाले; तीन हललेले, एकात सहाही ठिपके स्पष्ट. परतीच्या गाडीत त्यानं मोबाइलवरचं झुरळ खोडलं आणि नवं नाव स्वतः टाइप केलं. 'गट्टाटा'त ट किती, एवढंच त्यानं मला विचारलं.