बेटांवरचें पाणी

नवविवाहितांनीं बेटांवर जावें, अशी रूढि अलीकडे आपल्या मध्यम वर्गांत पडत चालली आहे. ज्यांनीं एका पिढीपूर्वीं महाबळेश्वर किंवा माथेरान पाहून समाधान मानिलें, त्यांचीं मुलें आज अंदमानांतील स्वराज द्वीपावर, थायलंडच्या बेटांवर किंवा बालीला जातात. पाठीवर एकेक सॅक टाकून, आज या बेटावर तर उद्यां त्या बेटावर, असे पंधरा दिवस हिंडतात आणि परत आल्यावर निळ्या पाण्याचीं छायाचित्रें आप्तेष्टांस दाखवितात. त्यांत नांवें ठेवण्यासारखें कांहींच नाहीं. बेटाची ओढ मनुष्यास पुरातन आहे. चोहोंकडून पाण्यानें वेढलेली जमीन दिसली म्हणजे मनास वाटतें कीं, येथें आपली विवंचना पोहोंचणार नाहीं. आमचा अनुभव मात्र थोडा निराळा झाला. आमची विवंचना आमच्या आधींच तेथें जाऊन बसली होती; आणि ती तेथें भेटली म्हणूनच ही सहल आम्हांस लाभली, असें आज वाटतें.

येथें ‘आम्ही’ म्हणजे संपादकी थाटाचे आम्ही नव्हे, आम्ही उभयतां. राहणार बेल्हे, तालुका जुन्नर. लग्नास बत्तीस वर्षें झालीं. दोघांपैकीं एकानें शाळेंत भूगोल शिकविला, दुसऱ्यानें मळा सांभाळला. जें भांडण पुढें सांगावयाचें आहे त्यांत वाचकांनीं आधींच पक्ष घेऊं नये, म्हणून कोणी कोणतें काम केलें हें आम्ही मुद्दाम सांगत नाहीं.

भांडण पाण्याचें. जुन्नर तालुका म्हटला कीं बाहेरच्या लोकांस माळशेजचे धबधबे आठवतात. ते खरे, पण ते तालुक्याच्या पश्चिम कडेस. घाटमाथ्यावर ढग रिते झाल्यानंतर जें उरतें तें आमच्या वांट्यास येतें, आणि आमच्याहि पूर्वेस आण्याच्या पठारावर पोहोंचेपर्यंत तेंहि फारसें उरत नाहीं. माघ संपतां संपतां आमच्या विहिरीचा तळ दिसूं लागतो. निवृत्तीच्या वेळीं थोडी रक्कम हातीं आली, तेव्हां भूगोलाच्या पक्षानें म्हटलें कीं, तीनशें फुटांचें एक बोअर घ्यावें आणि ही रोजची चिंता कायमची मिटवावी. मळ्याच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, शेजारीं बोअर झालें त्याच वर्षीं आपली विहीर दीड पुरुष खालीं गेली. आपण बोअर घेतलें कीं आणखी कोणाची तरी जाईल. इ. स. २००९ चा भूजल कायदा साठ मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घालतो, हाहि मुद्दा निघाला. पण कायद्याचें नांव काढून घरांतलें भांडण मिटल्याचें ऐकिवांत नाहीं. सहा महिने हा वाद जेवणाच्या ताटांवर चालला. अखेरीस त्या रकमेंतली थोडी मोडून कोंकणांतलीं बेटें पाहून यावें, आणि परत येईपर्यंत बोअरचा विषय काढूं नये, असा तह झाला.

कोंकणच कां, तर त्यासहि कारण होतें. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे बारा किल्ले घातले. त्यांत आमच्या तालुक्यांतला शिवनेरी आहे. आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाण्यांतले किल्लेहि आहेत. शिवनेरीच्या या जलवासी भावंडांस एकदां भेटून यावें, असें मनांत आलें. सोमवारच्या बाजारांत ही बातमी फुटली तेव्हां ‘या वयांत पाठीवर बोचकें कशाला?’ असें विचारणारेहि भेटले. सॅकमध्यें आम्हीं दोन-दोन जोड कपडे, एकेक चादर, दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि पंचांग घेतलें होतें.

पंचांगाचें प्रयोजन धर्मकृत्यासाठीं नव्हे. कोंकणपट्टींत भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे: तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. द्वितीयेस सुमारें दीड वाजतां पूर्ण भरती, अष्टमीस सहा वाजतां. आणि पूर्ण ओहोटी तिच्याअलीकडे-पलीकडे सहा-सहा तासांनीं. आम्हां देशावरच्यांस तिथि लागते ती उपासाला आणि लग्नाला. तेथें तिच्यावर वाट उघडते आणि बंद होते.

आळेफाट्याहून ओतूर, माळशेज, कल्याण असें करीत आम्ही अलिबागेस पोहोंचलों. दुसरा दिवस पौष वद्य द्वितीयेचा. सकाळीं सात वाजतां ओहोटीच्या ओल्या वाळूंतून आणि खडकांतून पायींच कुलाबा किल्ल्यांत गेलों. इ. स. १६८० मध्यें शिवाजीमहाराजांनीं या किल्ल्याचें काम आरंभिलें. पुढें तो आंग्र्यांचें मुख्य ठाणें झाला. आंत राघोजी आंग्रे यांनीं १७५९ मध्यें बांधलेलें गणेशपंचायतन आहे. परंतु देवदर्शनापेक्षांहि आमचे पाय जेथें थबकले ती तेथील विहीर. भोंवतीं समुद्र, आणि आंत गोडें पाणी! आम्हीं एकमेकांकडे पाहिलें; पण तह ठरलेला असल्यामुळें कोणी बोललें नाहीं. आठ वाजून गेल्यावर खडकांच्या सांदींतून पाणी सरसावूं लागलें, तेव्हां पायांतल्या वहाणा हातांत घेऊन परतलों. तेथून थळच्या किनाऱ्यावर जाऊन खांदेरी आणि उंदेरी या दोन बेटांचें दुरूनच दर्शन घेतलें. इ. स. १६७९ मध्यें महाराजांनीं खांदेरीवर तटबंदी सुरू केली, आणि सिद्दीनें लगेच शेजारच्या उंदेरीवर आपली चालू केली. बांधास बांध लागलेल्या दोन भाऊबंदांची आठवण झाली.

मुरुडजवळ राजपुरीहून शिडाच्या होडीनें जंजिऱ्यास गेलों. या किल्ल्याशीं आमच्या जुन्नरचा जुना संबंध आहे. जुन्नरास राहून पुढें अहमदनगरची निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहंमदानें दंडाराजपुरी आपल्या ताब्यांत आणिली होती. पुढें हें बेट सिद्दींकडे गेलें आणि १९४८ मध्यें त्यांचें संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिलें. शिवाजीमहाराजांनीं प्रयत्न केले, संभाजीमहाराजांनीं तर खाडीत भर घालून वाट करण्याचा उद्योग आरंभिला. पण जंजिरा हातीं आला नाहीं. तट, तोफा, बाहेरून येणारी मदत हीं त्याचीं कारणें इतिहासकार सांगतात, तीं खरींच आहेत. होडीवाल्यानें दिलेल्या पाऊण तासांत आम्ही मात्र तोफांपेक्षां आंतल्या दोन प्रशस्त तलावांच्या कांठीं अधिक वेळ उभे राहिलों. वेढा घालणाराच्या हातीं रसद तोडणें असतें. परंतु ज्याच्या अंगणांत दोन तलाव आहेत त्याची तहान कोण तोडणार?

जंजिऱ्यावर वचक ठेवण्यासाठीं मराठ्यांनीं कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला, तो मुरुडच्या समोरच आहे. तेथें नेहमीच्या होड्या जात नाहींत. एका कोळ्यानें सवडीनें नेलें. लाटांच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्यानें त्याच्या तटाचे दगड झिजून आंत गेले आहेत आणि सांध्यांतला चुना मात्र तसाच पुढें उभा आहे. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. येथें पाण्याचीं टांकीं आहेत. पावसाळ्यांत जें सांठेल त्यावर पुढचे आठ महिने काढावयाचे. हें आम्हांस नवीन नव्हतें. शिवनेरीवर गंगा-जमुना हीं टांकीं आम्हीं लहानपणापासून पाहिलेलीं. आणि जुन्नरच्या लेण्यांतील दोन हजार वर्षांच्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हणजे पाण्याच्या टांक्याचें दान केल्याचे उल्लेख आहेत. ज्यानें टांकें खोदविलें त्याचें नांव दगडावर राहावें, असें त्या काळच्या लोकांस वाटे.

आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी, अशा खाड्या जंगलजेटीनें ओलांडीत हर्णैस पोहोंचलों. जंगलजेटी म्हणजे माणसें, मोटारी आणि फटफट्या एकदमच पैलतीरीं नेणारा सपाट पडाव. हर्णैच्या वाळूवर संध्याकाळीं मासळीचा लिलाव मोठ्या गर्दीनें चालतो, तो पाहिला. सुवर्णदुर्गाच्या तटाखालीं उतरतांना लाटेनें आम्हां दोघांसहि कमरेपर्यंत भिजविलें, आणि बत्तीस वर्षांच्या संसारांत न झालेलें हंसणें तेथें झालें. तेथून मालवणपर्यंतचा लांबचा पल्ला एस. टी. नें काटला.

सिंधुदुर्गाविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. कुरटें नांवाच्या बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं या किल्ल्याचा पाया घातला गेला. आंत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा तीन विहिरी आहेत. नांवांवरूनच बांधणारांस त्यांचें किती कौतुक होतें तें दिसतें. या किल्ल्यांत कांहीं कुटुंबें आजहि राहतात. त्यांपैकीं एका घरच्या बाईंनीं आम्हांस ओसरीवर बसविलें आणि तांब्याभर पाणी पुढें केलें. “वयनी, वायंच पिऊन बघा. खारट लागतां काय?” आम्हीं प्यालों. आमच्या विहिरीच्या वैशाखांतल्या पाण्याहून तें गोड होतें. बाई म्हणाल्या, “पावसात होडी बंद. मगे ह्यां पाणी, आणि घरात भरून ठेवलां तां.” हें त्या तक्रारीच्या सुरांत म्हणाल्या नाहींत, आपल्या घराची लांबी-रुंदी सांगावी तसें म्हणाल्या. आमच्या पेल्यांत उरलेलें घोटभर पाणी त्यांनीं उचलून तुळशीच्या बुंध्याशीं ओतलें.

होडींतून परततांना तहाचा भंग झाला. भूगोलाच्या पक्षानेंच तो केला. समुद्रांत गोडें पाणी कसें राहतें, हें सांगण्याचा मोह त्यास आवरला नाहीं. खारें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें चाळिसाव्या हिश्श्यानें जड असतें. वाळूच्या किंवा पोंवळ्याच्या बेटावर मुरलेलें पावसाचें पाणी त्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडें पाणी असेल तर खालीं सुमारें चाळीस फूट असतें. कुरट्याच्या कातळांत हें गणित इतकें सरळ चालणार नाहीं. पण लक्षद्वीपासारख्या बेटांवर तें चालतें. तेथें उपसा करून वरची पातळी एक फूट उतरविली, तर खालून खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं शकतें. मग विहीर आटत नाहीं, बिघडते. म्हणूनच कवरत्ती बेटावर २००५ मध्यें समुद्राच्याच पाण्यापासून दररोज एक लाख लिटर गोडें पाणी करण्याचा प्रकल्प उभारावा लागला.

मळ्याच्या पक्षानें हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न विचारला: “मग आपल्याकडे खालीं काय आहे?”

त्या रात्रीं मालवणांतल्या खोलींत आम्ही पुष्कळ वेळ जागे होतों. आपल्याकडे खालीं काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या कुजक्या थरांत आणि भेगांत पावसाचें पाणी मुरतें. खोल गेलें म्हणजे निराळी नदी लागते, असें बोअरवाले सांगतात. पुष्कळदां लागतें तें याच भेगांतून उतरलेलें पाणी. येथपर्यंत दोन्ही पक्षांचें एकमत झालें. मतभेद उरला तो यापुढें. एक पक्ष म्हणाला, “आपण न घेतल्यानें पाणी वांचणार नाहीं, दुसरा कोणीतरी घेईल.” हें उत्तर कडू आहे, पण खोटें नाहीं. किल्ल्यावरच्या त्या बाईंस आपल्या पाण्याचा कांठ चारी बाजूंनीं दिसतो. एक कळशी जास्त काढली तर ती कोणाच्या वांट्याची, हें तेथें प्रत्येकास ठाऊक असतें. बेल्ह्याच्या शिवारांतहि जमिनीखालचें पाणी मोजकेंच आहे आणि अनेकांचें मिळून एकच आहे; परंतु त्याचा कांठ कोणास दिसत नाहीं. दिसत नाहीं म्हणून तो नाहींच असें आपण धरून चालतों. ज्यास शत्रूच्या वेढ्याची भीति होती त्यानें विहिरीस दूधबाव म्हटलें. आपल्याभोंवतीं वेढा नाहीं, असें समजून आपण विहिरीस विसरतों.

घरीं आल्यावर आमच्यांत जो निकाल झाला तो कोणाच्याच पूर्ण जयाचा नाहीं. बोअर एक वर्ष घ्यावयाचें नाहीं, असें ठरलें. रक्कम मोडली नाहीं. उन्हाळी कांद्याचें क्षेत्र निम्मे केलें. त्याचा तोटा वहींत स्पष्ट दिसतो, आणि यंदा कांद्याचा भाव बरा निघाला तेव्हां तो तोटा अधिकच स्पष्ट दिसला. मुलानें फोनवरून तसें बोलूनहि दाखविलें. ओढ्याकांठच्या चार शेजाऱ्यांस आम्हीं सुचविलें कीं, प्रत्येकानें अमावास्येस आपल्या विहिरीचें पाणी मोजून सांगावें. दोघे तयार झाले, एकानें पाहूं म्हटलें, आणि चौथ्यानें त्याच आठवड्यांत बोअरची गाडी बोलाविली. त्याच्याशीं आमचें येणेंजाणें पूर्वींसारखेंच आहे. त्याच्या घरांतहि लग्नकार्य आहे, जनावरें आहेत, आणि त्याची विहीर आमच्याहून उथळ आहे.

हात-हात अंतरावर गांठी मारलेली सुंभाची दोरी आतां आमच्या विहिरीच्या कठड्यास बांधलेली असते. अमावास्येच्या सकाळीं एक जण ती सोडतो आणि दुसरें आंकडा पंचांगाच्या समासांत लिहितें. गेल्या वर्षीं चैत्रांत तळचा गाळ उघडा पडला होता. यंदा चैत्री अमावास्येस दोरीच्या शेवटच्या तीन गांठी भिजल्या. पाऊस बरा झाला म्हणून, कांदा कमी लावला म्हणून, कीं दोन्ही मिळून, हा वाद अद्याप चालू आहे. वर्ष पुरें होण्यास अजून आठ महिने आहेत.